रोल नंबर सेहेचाळीस

फार्मसीच्या डिप्लोमाचा आमचा पहिला दिवस होता. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, म्हणून सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो. तेवढ्यात दारातून एक गृहस्थ आत आले. कडक इस्त्रीचा पांढरा एप्रन, खिशाला तीन पेनं, केस बरेच मागे सरकलेले, वय पंचेचाळिशीच्या पुढे. आख्खा वर्ग एकदम उठून उभा राहिला.

"गुड मॉर्निंग सर!"

त्यांनी आमच्यावरून एक नजर फिरवली आणि म्हणाले, "बसा, बसा. मीही बसायलाच आलोय."

आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले.

प्रवेश सगळ्यात शेवटी घेतल्यामुळे त्यांचा नंबर सेहेचाळीस. मधल्या सुट्टीत कुणीतरी प्रेमानं "काका, डबा आणलाय का?" असं विचारलं. त्यांनी डबा उघडता उघडता हात थांबवला. "काका मी घरी आहे. तीन पुतणे आहेत मला. इथे मी रोल नंबर सेहेचाळीस. आपला कितवा?"

तेव्हापासून ते सेहेचाळीस. आणि त्यांच्या लेखी आम्हीही सगळे नंबर. "एवढी नावं पाठ करायची म्हणजे औषधांची विसरली जातील," असं त्यांचं म्हणणं. मी एकतीस. मला आईनं ठेवलेलं चांगलं नाव आहे, पण त्या वर्गातलं कुणी आजही रस्त्यात भेटलं की "काय एकतीस?" असंच ओरडतं. आणि नंबरानं हाक मारत असले तरी सेहेचाळीस आम्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरापोरींना अहो-जाहो करायचे. "अहो अकरा, आपण जरा हळू बोलाल का?" अकरा हा आमच्या वर्गातला हुशार मुलगा. मार्केट यार्डच्या मागे राहायचा. त्याला आयुष्यात आधी कुणी अहो म्हटलेलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यानं मागे वळून बघितलं होतं.

सेहेचाळीस वारज्यात राहायचे आणि तिथल्याच एका मेडिकलच्या दुकानात मदतनीस होते. बारावी सायन्स झाल्यावर, वडील आजारी पडले म्हणून, दोन महिन्यांसाठी ते त्या दुकानात लागले. त्या दोन महिन्यांची तीस वर्षं झाली होती. सकाळी कॉलेज आणि मग दुकान, असा त्यांचा दिवस. औषधांची स्पेलिंगं अशी पाठ की मॅडम फळ्यावर चुकल्या तर ते हळूच हात वर करायचे. पण त्या स्पेलिंगच्या आत काय आहे, कुठला अणू कुणाला धरून आहे, ते विचारलं की त्यांचा चेहरा कोरा व्हायचा.

पहिल्या चाचणीत केमिस्ट्रीत त्यांना चाळिसात नऊ मिळाले. मला चौदा. डॉक्टर व्हायचं स्वप्न मोडून मी या डिप्लोमाला आले होते आणि इथेही केमिस्ट्रीनं पाठ सोडली नव्हती. घरी सांगून टाकावं, हे आपल्याला झेपत नाही, असं माझ्या मनात पक्कं झालं होतं. कॉरिडॉरमध्ये लावलेल्या यादीपुढे मी उभी होते, शेजारी सेहेचाळीस.

"आपले चौदा आणि माझे नऊ, तेवीस," ते म्हणाले. "दोघांत मिळून एक पास होतोय. म्हणजे परिस्थिती अगदीच हाताबाहेर नाही."

मी हसले. त्या दिवशी घरी काही सांगितलं नाही.

वार्षिक परीक्षेला दोन महिने उरले तेव्हा ग्रुपवर ऑनलाइन अभ्यासाचं निघालं. मी विश्रांतवाडीला, अकरा मार्केट यार्डला, सेहेचाळीस वारज्याला, बाकीचे कुठेकुठे. एकत्र बसायचं म्हटलं तर निम्मा दिवस सिग्नलला गेला असता. व्हिडिओ कॉलवर बसू, असं ठरलं. कुणीतरी रात्री दहाची वेळ सुचवली.

"रात्री दहाला मी शटर ओढत असतो," सेहेचाळीस यांनी लिहिलं. "पहाटे सव्वापाच."

"पहाटे???" एकदम सात-आठ जणांनी विचारलं.

"होय. सूर्य उगवायच्या आधी जी असते ती. आपण पाहिली नसेल, पण असते."

कुणी येणार नाही याची आम्हाला खात्री होती. पहिल्या दिवशी खरोखर तिघंच आले. पाच वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. मी झोपेतच उचलला.

"एकतीस, आपली जागा रिकामी दिसतेय."

"व्हिडिओ कॉलवर कुठली जागा हो?"

"तीच रिकामी आहे."

असे त्यांनी एकेकाला फोन केले. चौथ्या दिवशी आम्ही सतरा जण होतो. चिडून का होईना, उठून बसायला लागलो.

कॉलवर ते एप्रन घालून बसायचे. निदान तसं ते सांगायचे, कारण पहिले दोन आठवडे आम्हाला फक्त त्यांचं कपाळ आणि वरची ट्यूबलाइट दिसत होती. घरच्यांची झोपमोड नको म्हणून ते जिन्यात बसायचे आणि फोन पायरीवर टेकवायचे. मध्येच कपाळावरून दुधाच्या पिशव्या जायच्या, कुणाची तरी चप्पल जायची. टाकी भरून वाहायला लागली की "एक मिनिट, मोटर" म्हणून कपाळ नाहीसं व्हायचं. मग नुसत्या ट्यूबलाइटला अकरा पुढचं समजावत राहायचा.

कॉलच्या सुरुवातीला ते सूचना द्यायचे, "ज्यांना बोलायचं नाही त्यांनी आपापली तोंडं बंद करावीत." म्हणजे माइक बंद करावेत. त्यांच्या व्हॉइस नोट "नमस्कार, सेहेचाळीस बोलतोय" अशा सुरू व्हायच्या आणि "बरंय, ठेवतो फोन" अशा संपायच्या. ग्रुपचं नाव आधी "केमचा गेम" होतं. ते त्यांनी "रसायनशास्त्र अभ्यास मंडळ" करायला लावलं. "मंडळ म्हटलं की लोक वेळेवर येतात," म्हणाले. कुठल्या मंडळात लोक वेळेवर येतात हे मी विचारलं नाही.

आमच्या घरात पाच-सहा दिवसांनी प्रकरण झालं. आई स्वयंपाकघरातून हातात लाटणं घेऊनच आली.

"कोण आहे गं हा माणूस? रोज पहाटे तुला अहो अहो करतोय?"

"वर्गातले आहेत."

"वर्गातले? आवाज तर तुझ्या बाबांपेक्षा मोठ्या माणसाचा येतोय."

माझा माइक चालू राहिला होता. पलीकडून आवाज आला, "नमस्कार ताई. मी आपल्या मुलीचा वर्गमित्र. वय अठ्ठेचाळीस. लाटणं दिसतंय. चपाती की पराठा?"

आईनं हातातल्या लाटण्याकडे बघितलं. मग "चपाती" म्हणून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून मला सव्वापाचला चहा मिळायला लागला. "तुझ्या त्या वर्गमित्राला विचार, बाबांच्या गुडघ्याला काय लावायचं," असे निरोपही सुरू झाले. त्याला त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "डॉक्टरांना दाखवा. मी अजून नापास माणूस आहे."

शिकवायचा अकरा. पण अभ्यास घडवायचे सेहेचाळीस, आणि तेही एका वाक्यावर. "मला कळलं नाही." हे वाक्य ते इतक्या सहज म्हणायचे की जणू पाणी मागताहेत. आम्हाला ते जमायचं नाही. वर्गात मॅडमनी "समजलं का?" विचारलं की आम्ही न समजताच माना हलवायचो. हे मात्र सरळ म्हणायचे, "मला कळलं नाही." मग अकरा पुन्हा सांगायचा. पुन्हा, "नाही कळलं." मग ते दुसऱ्या कुणाला तरी उभं करायचे. "एकतीस, आपण सांगा." मी सांगायला लागले की तिसऱ्या वाक्याला माझ्या लक्षात यायचं, आपल्याला काही म्हणजे काही कळलेलं नाही. मग आम्ही सतरा जण पुस्तकं उघडायचो.

एकदा अकरा अ‍ॅस्पिरिन शिकवत होता. अ‍ॅस्पिरिनला ओल लागली की पाण्याशी त्याची रिअ‍ॅक्शन होते आणि त्याचे दोन तुकडे पडतात. एक सॅलिसिलिक अ‍ॅसिड, दुसरं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. अकरानं पाठ केल्यासारखं धडाधड सांगून टाकलं आणि पुढे निघाला.

"थांबा," सेहेचाळीस म्हणाले. "अ‍ॅसेटिक म्हणजे कुठलं?"

"म्हणजे व्हिनेगरमधलं."

कपाळ हललं. मग फोन उचलल्याचा आवाज आला आणि पहिल्यांदाच आम्हाला त्यांचा पूर्ण चेहरा दिसला. एप्रन खरंच घातलेला होता. डोळे मोठे झाले होते.

"अहो, पावसाळ्यात जुना डबा उघडला की वास येतो! आंबट! तीस वर्षं मी तो वास घेतोय. वास आला की गोळ्या बाजूला काढायच्या, एवढंच मला शिकवलेलं. तो वास हा आहे?"

"हो," अकरा म्हणाला.

"म्हणजे ती गोळी माझ्या नाकासमोर तुटत होती."

मग ते म्हणाले, "आज एवढंच पुरे. मी जरा चक्कर मारून येतो." आणि गेले. साडेपाचच वाजले होते. आम्ही सोळा जण तसेच एकमेकांच्या चौकोनांकडे बघत बसलो. अकरा हळूच म्हणाला, "मला हे तीन वर्षांपासून येतंय. मला का नाही असं झालं कधी?"

असे दिवस मजेत चालले होते. पण परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि एका थेंबावरून सगळं बिनसलं.

औषधात क्लोराइड किती मिसळलेलं आहे ते बघायची एक साधी चाचणी असते. औषध पाण्यात विरघळवायचं, त्यात थोडं पातळ नायट्रिक अ‍ॅसिड घालायचं, मग सिल्व्हर नायट्रेट. क्लोराइड असेल तर पाणी गढूळ होतं. ठरवून दिलेल्या नमुन्यापेक्षा जास्त गढूळ झालं तर औषध नापास. आम्हाला सगळ्यांना हे तोंडपाठ होतं.

"नायट्रिक अ‍ॅसिड कशाला?" सेहेचाळीस यांनी विचारलं.

"घालायचं असतं," अकरा म्हणाला.

"नाही घातलं तर काय होईल?"

अकराला सांगता येईना. पुस्तकात एक ओळ होती, ती त्यानं वाचून दाखवली. "मला कळलं नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं इंटरनेटवरून काहीतरी काढून आणलं, ते आम्हालाच समजलं नाही. चौथ्या दिवशीही आम्ही त्याच थेंबावर. बाकीचा निम्मा पोर्शन तसाच पडून होता.

आमचा सहा जणांचा एक वेगळा छोटा ग्रुप होता. त्यात सेहेचाळीस नव्हते. चौथ्या दिवशी कॉल संपल्यावर मी रागारागानं त्या ग्रुपवर लिहिलं, "काकांच्या एका थेंबापायी चार दिवस गेले. आपण परीक्षेला बसलोय की काकांना दत्तक घेतलंय?"

पाठवलं, आणि मग वर नाव वाचलं. रसायनशास्त्र अभ्यास मंडळ.

मी कुणी कुणी वाचलंय ते बघितलं. यादीत एकच नंबर होता. मी मेसेज पुसून टाकला, पण ज्यांनी वाचायला नको होता त्यांनीच तो वाचला होता.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला ते नेहमीसारखे आले. कपाळ, ट्यूबलाइट. "नमस्कार," म्हणाले आणि त्यांनी आपला माइक बंद केला. अकरानं पुढचा धडा घेतला. मध्ये कुणी अडवलं नाही. तासाभरात तीन विषय संपले. दुसऱ्या दिवशी आणखी चार. कुणीतरी लिहिलं, "आज काय स्पीड होता!" मला मात्र त्या बंद माइकच्या खुणेकडे बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मीच अकराला म्हटलं, "परवा घेतलेलं एकदा विचार ना आम्हाला." त्यानं विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. सगळे जण माना खाली घालून वह्या चाळत होते. अकरालासुद्धा मध्येच अडखळायला झालं. तो चिडून म्हणाला, "परवा तर सगळे हो हो म्हणत होता!" आम्ही हो म्हटलं होतं, हे खरंच होतं. नाही म्हणणाऱ्या माणसाचं तोंड मी बंद केलं होतं.

त्याच दिवशी दुपारी मी दोन बस बदलून वारज्याला गेले. दुकान शोधायला वेळ लागला नाही. काउंटरमागे सेहेचाळीस खोकी लावत होते. कोपऱ्यात एक वयस्कर गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते दुकानाचे मालक, सेहेचाळीस त्यांना साहेब म्हणायचे. भिंतीवर त्यांच्या नावाचं फार्मासिस्टचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं.

सेहेचाळीस यांनी मला बघितलं. चेहऱ्यावर काही नाही.

"बोला, काय हवंय?"

"माफी हवीय."

"आमच्याकडे येत नाही. समोरच्या दुकानात विचारा."

माझे डोळे भरून आले. ते बघून ते गडबडले. त्यांनी चटकन स्टूल पुढे केलं, पाण्याची बाटली ठेवली आणि म्हणाले, "अहो, रडू नका. मेडिकलच्या दुकानात कुणी रडलं की लोकांना वाटतं काहीतरी गंभीर आहे."

"मी असं लिहायला नको होतं."

"लिहिलं ते खरंच होतं. चार दिवस गेले होते." त्यांनी पुढचं खोकं उचललं. "काका लिहायला नको होतं, तेवढं सोडलं तर तक्रार नाही."

"मग तुम्ही बोलणं का बंद केलंत?"

त्यांनी खोकं खाली ठेवलं. "हे बघा एकतीस. माझं वय झालंय. मी नापास झालो तर उद्या पुन्हा या काउंटरवर येईन, जसा रोज येतो. आपलं तसं नाही. सोळा पोरांचं वर्ष माझ्या एका प्रश्नापायी गेलं तर ते मला पेलायचं नाही."

कोपऱ्यातून वर्तमानपत्राच्या मागून आवाज आला. "तिकडं बंद केलंय, पण इकडं चालू आहे. आठ दिवस झाले, खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या माणसाला हा क्लोराइड विचारतोय. दोन गिऱ्हाइकं समोर गेली माझी."

मला हसू आलं. सेहेचाळीस लाजले. मग हळू आवाजात म्हणाले, "साहेबांना आता दुकानाच्या पायऱ्या चढवत नाहीत. गिऱ्हाईक विचारतं, ही गोळी कशासाठी, दुधाबरोबर चालेल का. मला उत्तर माहीत असतं. पण ते साहेबांनी सांगायचं असतं, मी नाही. ते बरोबरच आहे. कारण मला ते फक्त माहीत आहे, कळलेलं नाही. मला एकदा कळून उत्तर द्यायचंय."

मला एकदम आठवलं. बसमध्ये येताना मी त्या थेंबाचंच पुस्तक वाचत आले होते.

"सिल्व्हर नायट्रेटनं फक्त क्लोराइड गढूळ होत नाही," मी म्हटलं. "औषधात कार्बोनेट, फॉस्फेट असलं काही असेल तर तेही गढूळ होतं. मग आपल्याला वाटणार, बापरे, केवढं क्लोराइड! नायट्रिक अ‍ॅसिड असलं की त्या बाकीच्यांचा गाळ होत नाही, ते विरघळलेले राहतात. क्लोराइडचा गाळ मात्र त्या अ‍ॅसिडला जुमानत नाही. म्हणून जे दिसतं ते त्याचंच."

ते काउंटरवर बोटानं काहीतरी रेघोट्या ओढत राहिले. मग मान वर केली. "म्हणजे दुकानात दहा जण एकदम बोलायला लागले, तर आधी नऊ जणांना बसवायचं. मग दहाव्याचं काय म्हणणं आहे ते ऐकू येतं."

"अगदी तसंच."

"कळलं," ते म्हणाले. आठ दिवसांत पहिल्यांदा. साहेबांनी पेपर खाली करून विचारलं, "आता तरी खोकल्याची औषधं विकायची का?"

निघताना मी म्हटलं, "उद्यापासून माइक चालू ठेवायचा."

"रोज तीनच प्रश्न विचारीन. जास्त नाही."

"दहा."

"पाच. याच्यावर सवलत मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी पाच वाजून सोळा मिनिटांनी त्यांनी पाच प्रश्न संपवले आणि सहावा विचारला. कुणी हरकत घेतली नाही. त्यानंतर मी मंडळावर सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यावर त्यांचं उत्तर आलं, "सप्रेम नमस्कार. मेसेज मिळाला. विषय संपला. पान एकशे बारा उघडा."

शेवटचे पंधरा दिवस आमचं मंडळ सुसाट होतं. आता सगळेच "मला कळलं नाही" म्हणायला शिकले होते. सेहेचाळीस यांची खरी अडचण इंग्रजी होती. उत्तर कळलेलं असायचं, पण वाक्य जमायचं नाही. मग आम्ही दुपारच्या वेळा वाटून घेतल्या. दुकान बंद असताना ते अर्धं शटर ओढून आत बसायचे आणि आमच्यातलं एक जण कॉलवर त्यांच्याकडून वाक्यं लिहून घ्यायचं. माझ्या पाळीला एकदा कुणीतरी शटरखालून वाकून डोकं आत घातलं.

"अँटिबायोटिक द्या हो एक पत्ता."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी कशाला, शेजाऱ्यांना लागू पडलं होतं."

"मग शेजाऱ्यांना पाठवा. त्यांचा आजार त्यांना, तुमचा तुम्हाला. आणि आत्ता दुकान बंद आहे, मी पॅसिव्ह व्हॉइस करतोय."

परीक्षेच्या दिवशी ते कडक इस्त्रीत आले. त्यांच्या हातात लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा होता. प्रत्येकाला एकेक दिली. माझ्या हातावर ठेवताना त्यांचा हात गार लागला. तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं की त्यांनाही भीती वाटू शकते.

पेपरात मधला एक प्रश्न बघून मी अडकले. पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं होतं. मग मनात म्हटलं, सेहेचाळीस यांना सांगायचंय असं समजू. ते समोर बसलेत, त्यांना कळलेलं नाही. आणि लिहीत सुटले. माझ्या पुढे दोन बाकं सोडून ते बसले होते. शेवटच्या अर्ध्या तासात त्यांनी पुरवणी मागितली तेव्हा वर्गातल्या निदान दहा जणांनी माना वर करून बघितलं आणि पर्यवेक्षकांनी सगळ्यांना दटावलं.

बाहेर आल्यावर अकरानं उत्तरं ताडून बघायला सुरुवात केली. सेहेचाळीस यांनी त्याला थांबवलं. "विकलेल्या मालावर चर्चा नाही. चला, चहा."

निकाल लागला तेव्हा मला ऐंशीपैकी अठ्ठावन्न होते. मी तीन वेळा रोल नंबर ताडून बघितला. अकराला एकाहत्तर. सेहेचाळीस यांना सदतीस, म्हणजे पासापेक्षा पाच जास्त. मंडळावर त्यांचा संदेश आला, "सप्रेम नमस्कार. उत्तीर्ण. पाच गुण जास्तीचे आहेत, कुणाला हवे असल्यास कळवावे."

आईनं त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या आणि त्यातल्या सहा डब्यात भरून मला वारज्याला पिटाळलं. "वर्गमित्राला दे," म्हणाली.

दुसरं वर्ष, प्रशिक्षण, मग नोंदणी, हे सगळं पुढे रीतसर झालं. मी आता एका हॉस्पिटलच्या औषध विभागात काम करते. तिथे नवीन आलेली मुलं "समजलं" म्हणून मान हलवतात तेव्हा मी तेच पुन्हा सांगत नाही, त्यांच्याकडून ऐकते. त्यांना मी खडूस वाटते.

सेहेचाळीस यांची नोंदणी झाल्याचं कळलं त्या रविवारी संध्याकाळी आम्ही पाच जण वारज्याला गेलो. अकरानं फुलांचा गुच्छ घेतला होता. तो बघून ते म्हणाले, "फुलं कशाला? इथे कुणी अ‍ॅडमिट नाही." पण गुच्छ त्यांनी काउंटरच्या मधोमध ठेवला. भिंतीवर साहेबांच्या फ्रेमशेजारी दुसरी फ्रेम होती. काच नवीन, त्यामुळे तीत समोरच्या दुकानाचे दिवे दिसत होते. साहेब कोपऱ्यात पेपर वाचत होते. आमच्यासाठी पेढे आणलेले होते, बॉक्सचा दोरा सोडायला सेहेचाळीस यांनी कात्री उचलली.

इतक्यात एक बाई आल्या. नेहमीच्या असाव्यात. पर्समधून गोळ्यांचा अर्धा संपलेला पत्ता काढून त्यांनी विचारलं, "ही गोळी मी चहाबरोबर घेतली तर चालेल का हो? लोहाची आहे."

सेहेचाळीस यांची मान आपोआप कोपऱ्याकडे वळली. इतक्या वर्षांची सवय. "साहेब..."

साहेबांनी वर्तमानपत्र आणखी वर उचललं. त्यांचं डोकंसुद्धा दिसेनासं झालं.

सेहेचाळीस यांनी कात्री खाली ठेवली, एप्रन सारखा केला आणि बाईंकडे वळले. "चहाबरोबर नको. चहातला एक पदार्थ लोहाला धरून ठेवतो, पोटात सोडतच नाही. मग गोळी घेतली काय न घेतली काय. तासभर आधी पाण्याबरोबर घ्या. वर लिंबू पिळलेलं पाणी असेल तर उत्तम. पोटाला त्रास झाला तर मात्र डॉक्टरांना विचारून जेवणानंतर घ्या."

बाई ऐकत होत्या. "बरं झालं सांगितलंत. पण काय हो, दोन वर्षं तुमच्याकडूनच नेतेय की ही गोळी. आजवर विचारलं की साहेबांकडे बोट दाखवायचात. तेव्हा काय झालं होतं तुम्हाला?"

"तेव्हा नापास होतो," सेहेचाळीस म्हणाले.

बाई हसत गेल्या. सेहेचाळीस यांनी बॉक्सचा दोरा कापला, पहिला पेढा उचलला आणि आम्हाला ओलांडून सरळ कोपऱ्यात गेले. पेपर अजून वरच होता आणि किंचित हलत होता. ते पेढा पुढे धरून उभे राहिले. शेवटी पेपराच्या कडेखालून एक हात बाहेर आला आणि त्यांनी तो पेढा त्या हातावर ठेवला.